सुईने लोकर टोचून शंख करायला घेतला की त्याचा गोळाच होतो. वेढे कसे आणायचे?

तुमचा प्रश्न वाचून वाटलं, तुम्ही आधी गोळा करून मग त्यावर वेढे कोरायला बघता. शंखातला जीव तसं करत नाही. तो टोकापासून सुरुवात करतो आणि तोंडाच्या कडेला थर चढवत नळी रुंदावत नेतो. आपणही त्याच क्रमाने जायचं.

लोकरीची लांब वळी करा, एक टोक सुतळीएवढं बारीक, दुसरं अंगठ्याएवढं जाड. स्पंजवर ठेवून जरा टोचून घ्या आणि बारीक टोकाकडून गुंडाळत, प्रत्येक फेऱ्याला थोडं खाली सरकत या. दोन वेढ्यांच्या मधल्या खाचेत सुई खोल घाला, वेढ्याच्या पाठीवर मात्र वरवर टोचा. सगळा शंख त्या खाचेत आहे! टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं, तर बहुतेक शंखांचं तोंड उजव्या हाताला येतं. हे उलटं झालं की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खटकतं. आकारासाठी ३६ नंबरची फेल्टिंगची (म्हणजे लोकर टोचायची, बारीक खाचांची) सुई, सफाईसाठी त्याहून बारीक ४० नंबरची. सुई सरळ आत, सरळ बाहेर. तिरकी केली की मोडते.

लोकर नीट पारखून घ्या. दुकानात 'लोकर' म्हणून मिळणारे गुंडे बरेचदा ॲक्रिलिकचे असतात आणि ते कितीही टोचले तरी खऱ्या लोकरीसारखे घट्ट बसत नाहीत. खऱ्या लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, ते एकमेकांत अडकतात. एक धागा जाळून बघा: केस जळल्याचा वास आला आणि राख चुरली तर लोकर, वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. घाटावरच्या धनगरांकडची दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते, आतल्या भरणीला ती मला सगळ्यात आवडते. काळा, करडा, तपकिरी हे तिचे मूळ रंग शंखावर फार शोभतात. वरच्या थराला मेरिनो मेंढीची मऊ लोकर लावा.

पोकळ शिंपल्यासाठी सुई नको. प्लास्टिकचा नमुना हव्या त्या मापाच्या साधारण दीडपट कापा, त्याच्या दोन्ही बाजूंना लोकरीचे पातळ थर आडवे-उभे पसरा, गरम पाणी नि साबण घालून चोळा. काश्मीरचा नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेला गालिचा, तोही याच तत्त्वावर होतो. लोकर आळली की कडेने कापून नमुना काढून घ्या.

नमुन्यासाठी किनाऱ्यावरचे शंख गोळा करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रिकाम्या शंखांत खेकडे घर करतात, आणि काही जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ओहोटीला जा, चारी बाजूंनी फोटो काढा, शंख तिथेच ठेवा. शिंपल्यांसाठी तर घरी खायला आणलेल्या तिसऱ्यांची कवचं पुरतात: कवचाच्या कडेला समांतर जाणाऱ्या रेषा म्हणजे तिसरीची वाढ. शिंपल्यावर बारीक लोकर लावताना तीच दिशा धरा.

ओल्या पद्धतीचं काम दिवाळीनंतर करा, आपल्याकडच्या पावसात ते वाळता वाळत नाही आणि वास धरतं. पावसाळ्यात सुईचं काम बरं. सुया हवाबंद डबीत ठेवा, खाऱ्या हवेने गंजतात. तयार शंखांना कसर लागते, म्हणून अधूनमधून ऊन दाखवा.