पैसे मिळाले नाहीत म्हणून गिऱ्हाइकाची वेबसाइट बंद करू का?

प्रश्न : मॅडम, मी ठाण्यात पाचपाखाडीला राहत्या घरातूनच लोगो, पॅकिंग आणि वेबसाइटची कामं करते. सहा वर्षं झाली. तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याने नव्या ब्रँडसाठी लोगो, पाच पाऊचची डिझाइनं, मसाल्यांचे फोटो आणि ऑनलाइन ऑर्डर घेणारी वेबसाइट असं काम दिलं. १,८५,००० रुपये ठरले, ५०,००० आगाऊ मिळाले. लेखी करार नाही; कोटेशनची पीडीएफ पाठवली, त्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ओके, सुरू करा’ असं उत्तर आलं. पाडव्याला साइट सुरू झाली, त्याच दिवशी बिल दिलं. ‘एक नंबर झालीय साइट, ताई’ असा मेसेजही आला. पुढे पैशांचं नाव नाही. जूनमध्ये तिसऱ्यांदा मागितले तेव्हा म्हणाले, साइट स्लो चालते, लोगो पसंत नाही. पाऊच मात्र त्याच लोगोचे विकतायत. आता दिवाळी तोंडावर आहे. होस्टिंग (साइट ज्या सर्व्हरवर ठेवतात ती जागा) माझ्या खात्यावर आहे, डोमेनही (साइटचा इंटरनेटवरचा पत्ता) घाईत माझ्याच नावाने घेतलं होतं. ‘साइट बंद करेन’ असं मी लिहिलं, तर त्यांच्या वकिलाची नोटीस आली : साइटला हात लावलात तर सायबर पोलिसांत तक्रार करू, आणि लोगोच्या मूळ फाइल आठ दिवसांत द्या. लोगो खरं तर माझ्याकडे कामाप्रमाणे पैसे घेणाऱ्या एका मुलाने काढलाय. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, २०२२ मध्ये बँकेच्या कर्जासाठी केली होती. मिस्टर म्हणतात, बंद करून टाक, पैसे आपोआप येतील. काय करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, साइट बंद करू नका. आज नको, दिवाळीत नको, वैतागून रात्री अकरा वाजता तर मुळीच नको. तुमचा राग मला कळतो. जीव ओतून केलेल्या कामावर समोरचा धंदा करतो आणि हक्काचे पैसे मागताना आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. पण आत्ता कायदा तुमच्या बाजूने आहे. त्या एका बटणाने तो त्यांच्या बाजूला जाईल.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये यंत्रणेच्या मालकाच्या किंवा ती सांभाळणाऱ्याच्या परवानगीशिवाय काम बंद पाडणं, ज्याला वापरण्याचा अधिकार आहे त्याला अडवणं, माहिती पुसून टाकणं, हे सगळं येतं. हेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ लागतं : तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘होस्टिंग माझं आहे, ते सांभाळणारी मीच’ हा तुमचा बचाव आहे आणि तो पोकळ नाही. पण त्या सर्व्हरवर त्यांच्या ऑर्डरी आहेत, त्यांच्या गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर आहेत. दिवाळीच्या आठवड्यात साइट पडली की नुकसानभरपाईचा आकडा ते मागाल तेवढा फुगवतील. शिवाय ‘बंद करेन’ हा तुमचा मेसेज त्यांच्या वकिलाने जपून ठेवला असणार. बचाव खरा असला तरी तो मांडायला पोलिस ठाण्यात आणि कोर्टात खेटे कोण घालणार? घेणेकरी तुम्ही आहात. आरोपी होऊन घेणं मागायची वेळ स्वतःवर आणू नका.

मग हातात काहीच नाही का? आहे. शिंप्याकडे कापड टाकलं आणि शिलाई दिली नाही, तर तो शर्ट अडवून ठेवू शकतो. भारतीय करार कायद्याच्या कलम १७० ने त्याला तो हक्क दिलाय. पण एकदा शर्ट दिला की दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या दोरीवरून तो उतरवून आणता येत नाही. वेबसाइट आणि होस्टिंगला ते कलम जसंच्या तसं लागू होत नाही, तरी तुमच्यासाठी फरक तोच. सुरू झालेली साइट देऊन झाली. लोगो आणि पाऊचच्या मूळ, बदल करता येणाऱ्या फाइल अजून तुमच्याकडेच आहेत. कोटेशनमध्ये ‘मूळ फाइल देऊ’ असं लिहिलेलं नसेल, तर नोटिशीत आठ दिवस म्हटलं म्हणून त्या देण्याचं कारण नाही. त्या ठेवा, एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवरही ठेवा.

डोमेनचं मात्र उलटं आहे. नाव त्यांच्या ब्रँडचं, नोंदणी तुमच्या नावाने. ही गोष्ट तुम्हाला जड जाईल. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं असं म्हटलं आहे. म्हणून नोटिशीच्या उत्तरात स्वतःहून लिहा की डोमेन त्यांच्या खात्यावर करून द्यायला तुम्ही तयार आहात. ते थकबाकीशी जोडू नका. होस्टिंगचा खर्च यापुढे सोसायचा नसेल तर दिवाळीनंतरची तारीख देऊन निदान तीस दिवसांची लेखी मुदत द्या आणि पूर्ण बॅकअप घ्यायला सांगा. एवढं केलंत की सायबर तक्रारीची धमकी बरीचशी गळून पडते. उद्या कोणी तुमचं वागणं तपासलं तर ते स्वच्छ दिसेल.

आता पैशांकडे येऊ. बँकेसाठी काढलेलं ते उद्यम प्रमाणपत्र फाइलमधून बाहेर काढा. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ फक्त कारखान्यांसाठी आहे असं बहुतेकांना वाटतं. तो सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे, आणि घरातल्या टेबलावर चालणारा डिझाइनचा व्यवसाय ही सेवाच आहे. कलम १५ सांगतं की लेखी मुदत ठरली असेल तर त्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायला हवेत. मुदत ठरलेलीच नसेल, जशी तुमची, तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत.

काम स्वीकारलं कधी, यावर ते आता वाद घालतील. ‘स्लो चालते, लोगो पसंत नाही’ ही त्याचीच तयारी आहे. त्याचं उत्तर याच कायद्यात कलम २ च्या व्याख्येत आहे : सेवा दिल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली नाही, तर सेवा दिली त्याच दिवशी ती स्वीकारली असं धरलं जातं. पाडव्यापासून पंधरा दिवसांत त्यांनी हरकत घेतली नाही. उलट शाबासकी दिली. जूनमधली तक्रार उशिरा आली आहे, आणि त्यानंतरही त्यांनी तोच लोगो छापून माल विकला. ही गोष्ट नोटिशीच्या उत्तरात तारखांसकट यायला हवी. बाजारातून त्यांचं एक पाऊच विकत घ्या, बिल मागा, पाऊचवरची पॅकिंगची तारीख दिसेल असा फोटो काढा. जूननंतरची तारीख निघाली तर ते दीडशे रुपयांचं हळदीचं पाकीट तुमचा उत्तम साक्षीदार ठरेल.

उशिरावर व्याजही आहे आणि ते साधं नाही. कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर दर साडेसोळा टक्के होतो; तुमच्या १,३५,००० वर सहा महिन्यांचं व्याज साधारण साडेअकरा हजार. पत्रात नेमका आकडा घालताना त्या काळातला प्रत्यक्ष दर पाहून हिशेब करा.

हे मागायचं कुठे? सूक्ष्म व लघू उपक्रम सुविधा परिषदेकडे. अर्ज केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून होतो. कलम १८ ची मोठी सोय अशी की परिषद तुमच्या पत्त्याप्रमाणे ठरते. गिऱ्हाईक इंदूरचं असतं तरी प्रकरण कोकण विभागाच्या परिषदेपुढे, म्हणजे ठाण्यातच चाललं असतं. आधी समेटाचा प्रयत्न होतो, तो फसला तर लवाद. कायद्यात ९० दिवसांची मुदत आहे. प्रत्यक्षात जास्त लागतात, त्याची मनाची तयारी ठेवा. पण निकाल तुमच्या बाजूने लागला आणि त्यांना तो कोर्टात आव्हान द्यायचा असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. अशा वेळी बरेच जण लांबवण्यापेक्षा मिटवणं पसंत करतात.

इथे इतर वाचकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. उद्यम नोंदणी कामाच्या आधीची असणं फार महत्त्वाचं आहे. शिल्पी इंडस्ट्रीजच्या खटल्यात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने नंतर केलेल्या नोंदणीचा फायदा आधीच्या कामाला नाकारला होता. २०२५ मध्ये दुसऱ्या खंडपीठाने वेगळं मत मांडून हा मुद्दा मोठ्या पीठाकडे पाठवला. त्या वादात अडकायचं नसेल तर नोंदणी आजच करा. सरकारी पोर्टलवर ती मोफत होते, कोणा एजंटला पैसे देऊ नका. ताईंची नोंदणी आधीची असल्यामुळे त्यांना ही चिंता नाही.

पत्रात आणखी एक वाक्य घाला, ते त्यांच्या सीएपर्यंत पोचेल असं. २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे पैसे या मुदतीबाहेर थकवले, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देतील त्याच वर्षी वजा मिळतो. हिशेबाची वही ठेवून कर भरणाऱ्या व्यापाऱ्याला हे टोचतं. कधी कधी वकिलाच्या पत्रापेक्षा सीएचा एक फोन लवकर काम करतो.

पुराव्याचं बोलू. लेखी करार नाही म्हणून घाबरू नका. कोटेशन आणि त्यावरचं ‘ओके, सुरू करा’ हा करारच आहे. पण व्हॉट्सअ‍ॅपचे नुसते स्क्रीनशॉट छापून चालणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखालीही हे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचं ठामपणे सांगितलं होतं. तोपर्यंत ती चॅट पुसू नका आणि शक्यतो तो फोनही बदलू नका. आजच बसून आयकराच्या पोर्टलवर तुमच्या नावावर कापलेल्या कराचा तक्ता (२६एएस) उघडा. त्यांनी आगाऊ रकमेऐवजी पूर्ण बिलावर टीडीएस कापला असेल, तर बिल त्यांच्या वह्यांत चढलं होतं हे तिथेच दिसेल. माझ्या पाहण्यात अनेक डिझायनर हे पान वर्षातून एकदाच, रिटर्नच्या वेळी उघडतात. भांडणाच्या वेळी ते आधी उघडायचं असतं.

लोगोच्या मालकीचा प्रश्न नोटिशीत आहे तेवढा सोपा नाही, आणि तुम्हाला वाटतो तेवढाही नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. नोकरीत असताना केलेलं काम मालकाचं होतं; पण तुमचा तो मुलगा नोकर नाही, कामाप्रमाणे पैसे घेतो. म्हणजे लेखी हस्तांतर नसेल तर लोगोचा कॉपीराइट आज ना त्या व्यापाऱ्याचा, ना तुमचा. तो त्या मुलाचा आहे. समोरच्या वकिलाच्या हे लक्षात येण्याआधी त्या मुलाला घरी बोलवा, त्याचं काही देणं असेल तर ते द्या आणि सहीनिशी हस्तांतराचं पत्र घ्या. त्यात कोणती कृती, किती मोबदला, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशात, हे स्पष्ट असू दे. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मुलावर दडपण आणू नका. त्याचाही कष्टाचा हक्क आहे, आणि तुम्ही स्वतः आज ज्या जागी उभ्या आहात ती जागा त्याला दाखवू नका.

मसाल्यांच्या फोटोंचा नियम निराळा. मोबदला घेऊन ऑर्डरीवर काढलेले फोटो, वेगळं ठरलं नसेल तर, काम देणाऱ्याचे होतात. त्यामुळे ‘सगळं माझं’ असं उत्तरात लिहू नका. साइट वर्डप्रेस या तयार प्रणालीवर बनवलेली असेल तर तो मूळ कोडही तुमचा नाही. लोगो आणि पाऊचच्या डिझाइनपुरताच दावा ठेवा. त्यात वापरलेला फॉन्ट आणि चित्रं यांचा व्यापारी वापराचा परवाना तुमच्याकडे आहे ना, हे मात्र पत्र टाकण्याआधी तपासा.

नोटिशीला उत्तर आठ दिवसांच्या आत, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह आणि ईमेलवरही द्या. स्वतः लिहू नका. वकिलाच्या फीची अडचण असेल तर ठाणे जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. हा तुमचा हक्क आहे, संकोच करू नका. दिवाणी दाव्याची सर्वसाधारण मुदत तीन वर्षं आहे, तेव्हा घाई नाही, पण विसरूही नका.

उत्तर गेल्यावर फोन येईल असा माझा अंदाज आहे. ‘एक लाखात मिटवू’ म्हणतील. मूळ १,३५,००० सोडू नका. व्याजावर हवं तर सूट द्या. बदल्यात त्यांना खरोखर हवी असलेली गोष्ट द्या : मूळ फाइल आणि लोगोचं लेखी, कायमचं हस्तांतर. ब्रँड वाढवायचा असेल तर त्यांना त्या कागदाची गरज तुमच्यापेक्षा जास्त आहे. पैसे एनईएफटीने घ्या आणि खात्यात दिसल्यावरच फाइल पाठवा. चेकच देतो म्हणाले, तर तो वटेपर्यंत थांबा. न वटला तर बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत मागणीची नोटीस जायला हवी. ती मिळाल्यावर त्यांना पंधरा दिवस, आणि ते उलटले की एका महिन्यात चेक न वटल्याची, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची तक्रार. या तारखा कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा.