लडाखला ग्रुपने दिवसभर एटीव्ही राइड करायची आहे. नवख्यांना झेपेल का?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात घोडबंदर रोडच्या तुमच्या सोसायटीतले अकरा जण जूनअखेरीस लडाखला निघालात आणि त्यातला एक अख्खा दिवस सगळ्यांनी मिळून एटीव्हीवर, म्हणजे खडबडीत वाटांसाठीच्या, हँडलने चालवायच्या उघड्या चारचाकीवर, डोंगरात घालवायचा बेत आहे. निम्म्यांनी स्कूटीपलीकडे काही चालवलेलं नाही. बरोबर चौदा वर्षांचा मुलगा आहे आणि साठी उलटलेल्या सासूबाई आहेत.

झेपेल. पण अकराच्या अकरा जणांना नाही, आणि विमानातून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी तर मुळीच नाही.

आधी एक उलटं वाटेल असं सांगतो. तुमच्या ग्रुपमधल्या नवख्यांची मला फारशी काळजी नाही, बुलेटवाल्यांची आहे. स्कूटीवाल्या वहिनी गाइड सांगेल तसं मुकाट करतील. बुलेटवाले भाऊजी 'हे काय, चार चाकं आहेत, पडणार कुठून' म्हणत पुढे सुटतील. चार चाकांचं यंत्र पडत नाही, ते उलटतं, आणि दोन-तीनशे किलो वजन अंगावर येतं. याच्या आधीची तीन चाकी यंत्रं तर इतकी उलटायची की अमेरिकेत १९८८ साली सरकार आणि कंपन्यांच्या करारानंतर त्यांची नवी विक्री बंदच झाली.

बाइकवाल्यांच्या हाडात मुरलेल्या सवयी इथे आड येतात. बाइक कलली की वळते. एटीव्ही कलत नाही. बऱ्याच मॉडेलांत मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे हँडल वळवलं तरी गाडी सरळच जाऊ बघते. सीटवर पुढे सरकून अंग आतल्या बाजूला झुकवलं की मगच ती ऐकते. दुसरी सवय पाय टेकवायची. तोल गेल्यासारखं वाटलं की बाइकवाल्याचा पाय आपोआप खाली जातो, आणि एटीव्हीत त्या पायाच्या बरोब्बर मागे मागचं चाक असतं. पाय फूटरेस्टवरून हलवायचाच नाही. तिसरी गोष्ट थ्रॉटलची, म्हणजे वेग वाढवायच्या ॲक्सिलरेटरची. ते मुठीत नसतं, उजव्या अंगठ्याने दाबायचं असतं. घाबरून हँडल घट्ट आवळलं की अंगठाही दाबला जातो आणि थांबायच्या जागी गाडी उडी घेते. तासाभराने अंगठ्याच्या बेचक्यात कळ येते ती वेगळीच.

म्हणून निघण्याआधी एखाद्या रविवारी अलिबागजवळ नागाव किंवा काशिदच्या किनाऱ्यावर जाऊन या. तिथे एटीव्हीची छोटी फेरी मिळते. वाळूतल्या फेरीने डोंगर शिकता येत नाही, पण अंगठा आणि पाय या दोन गोष्टी डोक्यात बसतात. वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं नसेल तर पहाटेच निघा. दर रविवारी येऊरचा डोंगर चढून दम वाढवतोय असंही तुम्ही लिहिलंय. चांगलंच आहे, पण त्याने उंचीची सवय होत नाही. ठाणं पडलं समुद्रसपाटीला, लेह सुमारे ३,५०० मीटरवर. तिथे हवेचा दाब आपल्याकडच्या साधारण ६५ टक्के भरतो. विमानाने थेट उतरलात तर पहिले दोन दिवस जेवा, झोपा, पाणी प्या, बाजारात सावकाश फिरा. श्रीनगरहून रस्त्याने आलात तर वाटेत कारगिलला, सुमारे २,७०० मीटरवर, मुक्काम होतो आणि शरीराला थोडी तयारी मिळते. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, विशेषतः सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर डॉक्टर बरेच असतात, त्यांना विचारू नका.

विरळ हवेत माणसासारखी इंजिनालाही धाप लागते. कार्बोरेटरचं यंत्र असेल तर जास्तच, धूर टाकतं आणि चढावर रेंगाळतं. गाडी खराब दिली म्हणून एजंटशी भांडायला जाऊ नका.

आता जागा. नुब्रा खोऱ्यातल्या हुंडर गावाच्या वाळूच्या टेकड्यांवर, जिथे पाठीवर दोन उंचवटे असलेले उंट असतात, तिथे बहुतेकांना मिळते ती थोडा वेळ चालणारी फेरी, दिवसभराची राइड नव्हे. दिवसभराची हवी असेल तर गाइडसह आधी ठरवावी लागते. तेव्हा वाट नेमकी कुठून जाते आणि तिथे गाड्या न्यायला परवानगी आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर तो माणूस सोडा. नुब्रा खोऱ्याचा एक फायदा आहे, हुंडर साधारण ३,१०० मीटरवर म्हणजे लेहपेक्षा खाली येतं. मात्र लेहहून जाताना वाटेत खारदुंग ला हा घाटमाथा ओलांडावा लागतो. तिथल्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं, तरी मोजमापात तो सुमारे १७,५८० फूट भरतो. फोटो काढा आणि लगेच खाली उतरा. तिथे मॅगी खात तासभर बसणारे लोक मला कधी कळले नाहीत.

चाकोरी सोडायची नाही, हे मी जरा जोर देऊन सांगतो. लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ठाण्यात जुलैच्या एका दमदार दिवसात तेवढा होतो. आपल्याकडे चाकाचा चर एका पावसाळ्यात बुजतो, तिथे तो वर्षानुवर्षं राहतो आणि त्याखाली मेलेलं झुडूप लवकर परत उगवत नाही.

ग्रुपचं म्हणाल तर सगळ्यात पुढे गाइड, सगळ्यात मागे अनुभवी माणूस, आणि सगळ्यात हळू चालवणारा गाइडच्या लगेच मागे. तो मागे पडला की धूळ खात एकटा राहतो, घाबरतो, मग गाठायला पळवतो. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत तिथेच थांबायचं. प्रत्येकाने एवढं पाळलं तरी कुणी हरवत नाही. समोरच्याची धूळ बसेल इतकं अंतर ठेवा, फोटोत ओळ विरळ दिसली तरी चालेल.

अंतर कशाला, ते सांगतो. आमच्याबरोबर ऐरोलीच्या एक वहिनी होत्या. सुट्या खडीच्या चढावर त्यांची गाडी मध्येच गचके खात बंद पडली. त्यांनी उतारावर वळायचा प्रयत्न केला नाही, गाडी मागे सोडली नाही. दोन्ही ब्रेक आवळून धरले, पार्किंग ब्रेक लावला आणि डोंगराच्या बाजूने खाली उतरल्या. चेहरा पांढराफटक, पण हात बरोबर चालले. त्यांच्या मागचा पठ्ठ्या मात्र जवळजवळ चिकटून येत होता. गाडी घसरली असती तर त्याला बाजूला व्हायला जागाच नव्हती. सगळे वर पोचल्यावर गाइडने त्याला लडाखी हिंदीत जे सुनावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उतरताना गिअर एलमध्ये (लो, म्हणजे कमी वेगाच्या गिअरमध्ये) टाका, अंग मागे न्या, ब्रेक हळूहळू दाबा. आडव्या उतारावर अंग डोंगराकडे. आणि निघा सकाळी लवकर. बर्फ वितळून येणारे नाले सकाळी घोट्याइतके असतात, ऊन तापलं की दुपारनंतर फुगतात, शिवाय दुपारी वाराही सुटतो. जाताना सहज ओलांडलेला नाला येताना अडवू शकतो, म्हणून परतीची वेळ गाइडला ठरवू द्या.

मुलाला स्वतंत्र गाडी देऊ नका. मोठ्या एटीव्हीवर कंपन्याच सोळाच्या आतल्यांसाठी नाही असं लिहितात. एका माणसाच्या गाडीवर 'मागे बसव' हाही तोडगा नाही, कारण मागे कुणी असलं की अंग हलवायला जागा उरत नाही. दोघांसाठीच बनवलेली गाडी आणि चालवायला गाइड मिळाला तर बघा, नाहीतर तो रुसला तरी चालेल. सासूबाईंना रक्तदाबाचा किंवा पाठीचा त्रास असेल तर त्या दिवशी त्यांच्यासाठी हुंडरलाच मुक्काम ठेवा, सोबतीला एक जण थांबा.

सामानात प्रत्येकी तीन लिटर पाणी, गॉगल, ओठांना व्हॅसलिन, आणि माकडटोपी. हसू नका, भाड्याच्या हेल्मेटचा वास एकदा घेतलात की माझी आठवण काढाल. खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या, अर्ध्या वाटेत हॉटेल नसतं. प्रवास विम्यात साहसी खेळ धरलेत का, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत शोधा. आणि आपल्याकडची प्रीपेड सिमं तिकडे चालत नाहीत, तेव्हा अकरा जणांत निदान दोघांकडे पोस्टपेड असू द्या, एकाचं पुढे आणि एकाचं मागे.