खिडकीकडची बाजू

ताई, मुलगी दोन वर्षं दोन महिन्यांची. पाळण्यात मावत नाही म्हणून महिन्याभरापासून तिच्या खोलीतल्या स्टोरेजच्या पलंगावर झोपवतो. पंधरा दिवसांत दोनदा पडली. हल्ली तर स्वतःच उतरून घरभर फिरते. सासूबाई म्हणतात लोड लावा, नवरा म्हणतो पलंगाचं कुंपण मागवू, आई म्हणते बाहेरून कडी घाला. रोज वाद. पलंगाची एक बाजू खिडकीला टेकवली आहे, त्यामुळे तिकडची काळजी नाही. बाकीच्या बाजूंचं काय करू? कोणाचं ऐकू?
— एक आई, वाकड (पुणे), आठवा मजला

अगं, बाकीच्या बाजूंचं नंतर बघू. आधी खिडकीचं बोल. पलंगावरून पडली तर टेंगूळ येतं. खिडकीतून पडली तर आठ मजले आहेत, आणि तू म्हणतेस तिकडची काळजी नाही!

टेप घे आणि मोज. स्टोरेजचा पलंग आणि वरची गादी मिळून पावणेदोन ते दोन फूट. खिडकीचा कट्टा बहुतेक फ्लॅटमध्ये जमिनीपासून तीन फुटांच्या आसपास. म्हणजे गादीवर उभी राहिली की कट्टा तिच्यापासून जेमतेम फूट-सव्वा फूट वर, मांडीशी. लेक असेल पावणेतीन फुटांची. या वयात अंगाच्या मानाने डोकं जड असतं, मूल वाकलं की तोल पुढेच जातो. आणि खाली कबुतर दिसलं की ती वाकणारच.

"पण जाळी आहे" म्हणशील. ती जाळी डासांसाठी आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या खाचेत रबरी पट्टीने नुसती दाबून बसवलेली असते. सासूबाईंना समोर उभं कर आणि जाळीच्या कोपऱ्यात अंगठ्याने जोर दे. पट्टी सुटायला लागलेली दिसेल. बारा किलोचं मूल टेकलं तर काय होईल, हे मग समजावून सांगावं लागणार नाही.

तेव्हा आज संध्याकाळी, जेवायच्याही आधी, पलंग खिडकीपासून हलवा. आतल्या रजया आणि बॅगा आधी काढा, नाहीतर दोघांना तो हलणार नाही. त्याच दिवशी खिडकीच्या पट्टीवर स्क्रूने आवळायचे स्टॉपर लावा, चार इंचांपलीकडे तावदान सरकता कामा नये. बोहरी आळीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात विचार. नंतर ग्रिल. सोसायटी बाहेरून लावू देत नसेल तर आतून लावा, पण गज उभे हवेत आणि दोन गजांतलं अंतर चार इंचांहून कमी. आडवे गज म्हणजे मुलांना शिडीच. आग लागली तर बाहेर पडायला एक भाग उघडता येणारा ठेवा, किल्ली खोलीतच, पण उंचावर.

आता तुमचा वाद. लोड ही तिच्यासाठी पायरी आहे. कुंपणावर चढून पडली तर आणखी उंचावरून पडेल, शिवाय कुंपण आणि गादीच्या फटीत अंग अडकण्याची भीती. तिला आपलं आपण उतरता येतं, तेव्हा अडवू नकोस, उंचीच काढून टाक. चार इंचांची गादी थेट जमिनीवर, खाली सतरंजी. गादी भिंतीला लावायची तर घट्ट, नाहीतर चांगली फूटभर लांब. मधली चार-पाच बोटांची फट नको. पावसाळ्यात गादी खालून दमट होते, म्हणून रोज सकाळी भिंतीला उभी करून ठेव. पाहुणे काय म्हणतील हा प्रश्न सासूबाईंनी विचारलाच तर त्यांनाही सांग, आपण सगळे असेच वाढलो.

बाहेरून कडी मात्र अजिबात नाही. रात्री काही झालं तर ती आत अडकेल, आणि अंधारात तुमचे हात कडी शोधत बसतील. दाराच्या वरच्या कोपऱ्यात, तिचा हात पोचणार नाही इतकं उंच, घुंगरू बांध. वाजलं की उठायचं, उचलायचं, गादीवर ठेवायचं. गप्पा नाहीत, रागावणं नाही, पाण्याचा दुसरा पेला नाही. पहिल्या रात्री पंधरा वेळा करावं लागेल. नवऱ्याने निम्म्या वेळा उठायचं, कुंपण मागवण्यापेक्षा ते स्वस्त आहे. आणि दुपारची झोप साडेतीनच्या पुढे जाऊ देऊ नकोस.

ती घरात हिंडणारच, हे धरून चाल. जमिनीलगतच्या प्लगमधलं डासांचं लिक्विड काढ, मोकळ्या सॉकेटना झाकणं लाव (तापकीर गल्लीत मिळतात). कपाट मागून भिंतीला पट्टीने पक्कं कर, कारण ड्रॉवर उघडून मुलं त्यावर चढतात आणि कपाट अंगावर येतं. बाथरूममधली बादली रात्री रिकामी आणि पालथी. काही इंच पाण्यातही मूल बुडतं. बाल्कनीला वरची कडी.

पुन्हा कधी पडली आणि शुद्ध हरपली, वारंवार उलट्या झाल्या किंवा नेहमीसारखी जागी होईना, तर सकाळची वाट न बघता दवाखाना.

पलंग हलला की खिडकीखाली छान मोकळी जागा दिसेल आणि तिथे काहीतरी ठेवायचा मोह होईल. खेळण्यांचा खोका, मोढा, बीनबॅग, काही नाही. तिथे फक्त फरशी.