एटीपीमध्ये ऊर्जा नेमकी कुठे साठवलेली असते?

एटीपी (ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट) म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणारा रेणू. त्याचा बंध तुटला की ऊर्जा मिळते, म्हणजे ती त्या बंधातच भरून ठेवलेली असते का, असा आपला प्रश्न आहे. तसे नाही, कोणताही रासायनिक बंध तोडायला उलट ऊर्जा खर्च करावी लागते. एटीपीत तीन फॉस्फेट गट एकापुढे एक जोडलेले असून त्यांचे ऋणभार एकमेकांना दूर लोटत असतात. पाण्याशी अभिक्रिया होऊन टोकाचा गट सुटला की तयार होणारे एडीपी (दोनच फॉस्फेट गट उरलेला रेणू) आणि फॉस्फेट अधिक स्थिर असतात, आणि या फरकातूनच प्रमाण स्थितीत दर मोलमागे सुमारे ३०.५ किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते.

‘साठा’ हा शब्दही जरा फसवाच. ठाणे स्थानकात सुटत आलेली लोकल गाठण्यासाठी आपण पुलाचा जिना धावत चढतो, तेव्हा मांडीच्या स्नायूंतील तयार एटीपी काही सेकंदांतच संपले असते. परंतु स्नायूंतच असलेले क्रिएटिन फॉस्फेट हे संयुग आपला फॉस्फेट एडीपीला देऊन ती तूट तत्काळ भरून काढते. खरी ठेव ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) आणि चरबीत असते, एटीपी म्हणजे खिशातले सुटे पैसे. ते पुन्हा घडवण्याचे बहुतेक काम मायटोकाँड्रिया या पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांत होते, जिथे आतील पटलातून वाहणाऱ्या प्रोटॉनांमुळे एटीपी सिंथेज या विकराचा (एन्झाइमचा) मधला दांडा अक्षरशः गरगर फिरतो.