एक्स-रे बघून फ्रॅक्चरची जागा नेमकी कशी सांगायची?

सुरुवात हाडाच्या नावाने आणि बाजूने करा: उजवं की डावं. बाजू फिल्मवरच्या खुणेवरून बघा, अंदाजाने नको. ती चुकली तर पुढचं सगळं वर्णन वाया जातं.

लांब हाड असेल तर मनातल्या मनात त्याचे ३ सारखे भाग पाडा. धडाकडचा प्रॉक्सिमल, मग मधला, आणि धडापासून लांबचा डिस्टल. फ्रॅक्चरची रेघ दोन भागांच्या सीमेवर असेल तर तसंच सांगा: ‘उजव्या टिबियाचं फ्रॅक्चर, मधला आणि डिस्टल तृतीयांश मिळतात तिथे.’ (टिबिया म्हणजे नडगीचं हाड.) फोनवर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं पाहिजे.

टोकाजवळ मात्र एवढ्याने भागत नाही. तिथे रेघेचा माग काढत सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत या. रेघ सांध्यात शिरली असेल तर ते आवर्जून सांगाच, कारण उपचाराची दिशाच त्यामुळे बदलू शकते. हाडाच्या त्या भागाला स्वतःचं नाव असेल तर तेच वापरा, जसं फीमरची (मांडीच्या हाडाची) नेक किंवा पाचव्या मेटाटार्सलचा (पावलातल्या करंगळीकडच्या लांब हाडाचा) बेस.

लहान मुलांमध्ये ग्रोथ प्लेटची (हाडाच्या टोकाजवळच्या वाढीच्या कूर्चेची) काळी पट्टी म्हणजे फ्रॅक्चर असं समजू नका. पण फ्रॅक्चर तिला भिडलं असेल तर सॉल्टर-हॅरिस या ग्रोथ प्लेटच्या फ्रॅक्चरच्या वर्गीकरणातल्या ५ प्रकारांपैकी कोणता, तेही सांगा.

आणि कृपा करून एकाच फिल्मवर विसंबू नका. समोरून अगदी सरळ दिसणारं हाड बाजूने बघितल्यावर चांगलंच सरकलेलं निघू शकतं. सरकलं असेल तर प्रॉक्सिमल तुकड्याच्या मानाने डिस्टल तुकडा कुठे गेला, ते सांगायचं.