वाचकांचे प्रश्न : कॉइलओव्हर बसवले आणि टकटक सुरू झाली

प्रश्न : नमस्कार दादा, माझी २०१८ ची स्विफ्ट आहे, रोज डिचोली ते पणजी जाऊन येऊन करतो. मागच्या महिन्यात अ‍ॅडजस्टेबल कॉइलओव्हरचा (उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपचा) सेट बसवून घेतला आणि गाडी साधारण ३५ मिमी खाली केली. वळणावर गाडी मस्त चिकटून जाते, पण पुढून दोन आवाज सुरू झालेत. रंबलरवरून हळू गेलं की टकटक टकटक, आणि पार्किंगमध्ये उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की टण्ण करून एकदा वाजतं. ज्यांनी बसवले ते म्हणतात कॉइलओव्हर म्हटल्यावर एवढा आवाज येणारच. खरं आहे का? की सेट परत करू?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही रे, खरं नाही. गाडी कडक होणार, रस्त्यावरचा खडान् खडा कळणार, टॉप माउंटला (शॉकअप वर बॉडीला धरणारा भाग) रबराच्या जागी पिलोबॉल (लोखंडी गोळ्याचा सांधा) असेल तर टायरचा गोंगाट पण आत येणार, हे सगळं धरूनच चालायचं. पण लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज म्हणजे काहीतरी सैल आहे, अडकतंय किंवा चुकीच्या क्रमाने बसलंय, आणि कोणी "येणारच" म्हटलं म्हणून ते सोडून द्यायचं नाही. सेट परत करायची घाई मात्र आत्ताच नको, नव्या सेटचे असे आवाज बहुतेक वेळा फिटिंगचेच निघतात, शॉकअप आतून गेलेला असं क्वचितच.

आवाज कधी येतो ते तू नीट लिहिलंस हे फार चांगलं केलंस, कारण निम्मं निदान तिथेच होतं. दोन आवाज आहेत आणि कारणंही बहुतेक दोन आहेत, तेव्हा एकेक घेऊ.

आधी तो टण्ण. स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) आहे, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की चाकाबरोबर अख्खा स्ट्रट आणि त्यावरची स्प्रिंग पण फिरते, पण वरचं माउंट बॉडीला बोल्ट केलेलं असल्यामुळे ते जागचं हलत नाही, मधे बेअरिंग असतं ते एवढ्याचसाठी. आता ओरिजिनल माउंट वापरून कॉइलओव्हर जोडताना वॉशर, स्पेसर, बेअरिंग आणि स्प्रिंगची वरची सीट यांचा क्रम चुकला किंवा एखादा स्पेसर जुन्या स्ट्रटवरच राहिला, की वरचा नट आवळताना बेअरिंग दाबलं जातं. मग स्प्रिंगला फिरायचं असतं पण फिरता येत नाही, पीळ भरत जातो आणि एका क्षणी ती सुटून जागेवर उडी मारते, तोच तुझा टण्ण.

खात्री करायला गाडी सपाट जागी चाकांवरच उभी ठेव, हँडब्रेक ओढ, स्प्रिंगवर आणि तिच्या खालच्या रिंगवर मिळून व्हाइटनरने एक उभी रेघ मार. एकाला आत बसवून स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकाला फिरवायला सांग आणि तू स्प्रिंगच्या बाहेरून तळवा टेकव, बोटं कॉइलच्या मधे अजिबात घालायची नाहीत. स्प्रिंग चाकाबरोबर सरळ फिरली तर बेअरिंग ठीक आहे. ती आधी अडून राहिली आणि मग हाताला झटका बसला तर चोर सापडला, आणि रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले असतील तर स्प्रिंग सीटवर घसरतेय हे डोळ्यांनीच दिसेल. मग स्ट्रट खाली उतरवून, आधी खालची रिंग सोडून स्प्रिंग पूर्ण मोकळी करून (मोकळी झाल्याशिवाय वरच्या नटाला हात लावायचा नाही, हे लक्षात ठेव), सेटबरोबर आलेल्या चित्राप्रमाणे क्रम लावायचा. बेअरिंग हातात घेऊन फिरवून बघ, आपल्याकडची लाल माती आत गेली असेल तर ते किरकिरतं, तसं असेल तर नवीनच घाल. पिलोबॉलवाला सेट असेल तर स्प्रिंगच्या सीटवर थ्रस्ट बेअरिंग किंवा नायलॉनची वॉशर टाकून हा आवाज बराच जातो.

आता टकटक. रंबलरवर हळू जाताना येते म्हणजे चाक थोडंसंच वरखाली होतंय तरी काहीतरी हलतंय, अशा वेळी पहिला संशय स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी कलू न देणारा आडवा बार) लिंक रॉडवर. स्विफ्टला ही लिंक स्ट्रटलाच जोडलेली असते, आणि नव्या स्ट्रटवर तिची पट्टी ओरिजिनलपेक्षा वरखाली असली तर जुनी लिंक तिरकी बसते, तिचा बॉल जॉइंट टोकाला जाऊन अडतो आणि प्रत्येक दणक्याला वाजतो. चारही चाकं जमिनीवर असताना लिंकच्या टोकाला हात लाव आणि कोणाला तरी बोनेटच्या कोपऱ्यावर दाबून गाडी हलवायला सांग, ढिली असेल तर टकटक हाताला लागते. तरी कळलं नाही तर दोन्ही बाजूंच्या लिंक काढ, बार कशाला घासणार नाही असा बांध आणि आवारातच अगदी हळू एक फेरी मार. आवाज गेला तर योग्य लांबीच्या किंवा अ‍ॅडजस्टेबल लिंक घे. लिंक काढलेली गाडी रस्त्यावर नेऊ नकोस, वळणावर ती जास्त कलते.

लिंक ठीक निघाली तर वरचा नट बघ. गॅरेजमध्ये तो सर्रास इम्पॅक्ट गनने मारतात आणि मला ते अजिबात पटत नाही, कारण गनने शॉकअपचा रॉडच गरगर फिरतो, सील खराब होऊ शकतं आणि नट घट्ट वाटतो पण असतोच असं नाही. रॉड अ‍ॅलन कीने धरून नट पान्याने आवळायचा आणि शेवटी सेटबरोबरच्या कागदावर दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आणायचा. त्याच वेळी लॉक रिंगा (उंची पक्की धरून ठेवणाऱ्या) आणि स्ट्रट नकलला (ज्यावर चाक बसतं तो भाग) धरणारे दोन बोल्ट पण तपासून घे. ते बोल्ट सोडले गेले की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) हलतो, म्हणून अलाइनमेंट नंतर करायचं, आधी केलंस तर पैसे फुकट.

एक गोष्ट हमखास राहते ती लोअर आर्मच्या (चाकाला खालून बॉडीशी जोडणारा दांडा) बुशची. हे रबर बुश मधल्या नळीवर पीळ घेऊनच काम करतात, त्यामुळे जुन्या उंचीवर आवळलेला बुश गाडी ३५ मिमी खाली गेल्यावर कायम पिळलेला राहतो, कुरकुरतो आणि लवकर फाटतो. गाडी चाकांवर, नव्या उंचीवर असताना तो बोल्ट ढिला करून परत आवळायचा, लिफ्टवर चाकं लटकलेली असताना आवळला तर उपयोग नाही, म्हणून चार खांबी लिफ्ट किंवा पिट असलेलं गॅरेज बघ.

हे झालं की शॉकअपच्या रॉडवर बारीक झिपटाय बांधून तो सीलपर्यंत खाली सरकव आणि नेहमीच्या रस्त्याने एकदा जाऊन ये. झिपटाय वर जाऊन बंप स्टॉपला (शॉकअपची चाल संपते तिथला रबरी ठोकळा) टेकलेला दिसला तर गाडी खूप खाली आहे, धप्प असा आवाज येत असेल तर तो तिथलाच. मग उंची वाढव. आपल्या गावातले स्पीडब्रेकर आणि पावसाळ्यातले खड्डे बघता ३५ मिमी मला रोजच्या गाडीला जास्तच वाटतं.

आवाज अचानक वाढला, स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येईनासं झालं, किंवा चाक उचलून वर आणि खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला, तर गाडी तिथेच थांबव आणि गॅरेजवाल्यालाच तिथे बोलाव.

प्रश्न : माझ्या स्विफ्टला मागून ठक ठक येतं, मी एकटा असलो की जास्त, मागे माणसं बसली की कमी. सेट नवीन आहे.
– एक वाचक, काणकोण

उत्तर : आधी डिकीतून स्टेपनी, जॅक, पाने आणि पार्सल ट्रे काढून चालवून बघा. कडक सस्पेन्शनवर असल्या वस्तू जोरात वाजतात आणि माणूस उगाच शॉकअपला दोष देत बसतो. तरी राहिलं तर स्प्रिंग बघा. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा) आहे, स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे बसतात, आणि उंचीची रिंग घालताना स्प्रिंगचा रबर पॅड बऱ्याचदा काढून ठेवला जातो, मग स्प्रिंग थेट पत्र्यावर आपटते. माणसं बसली की कमी होतं म्हणजे मागचं चाक लटकल्यावर स्प्रिंग ढिली पडत असण्याची शक्यता मोठी. जॅकवर मागची बाजू उचला, खाली स्टँड लावा, आणि चाक लटकलेलं असताना स्प्रिंग हाताने हलते का बघा. हलली तर पॅड परत घाला आणि स्प्रिंग सीटला टेकेल एवढी रिंग फिरवा.

प्रश्न : स्पीडब्रेकरवरून जाताना पुढून फुस्स असा हलका आवाज येतो, तेल गळतंय का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : फुस्स म्हणजे शॉकअपच्या आत व्हॉल्व्हमधून तेल जाण्याचा आवाज, दोन्ही बाजूंना सारखा असेल तर काळजी नको. रॉडभोवती ओलसर तेल आणि त्यावर चिकटलेली लाल धूळ दिसली तर मात्र सील गेलंय, वॉरंटीत पाठवा. आणि गाडी धुताना प्रेशरचं पाणी त्या सीलवर मारू नका.