फुलाशेजारच्या तिरक्या ओळी

प्रश्न : गुरुजी, नणंदेने लंडनहून दारा शुकोहच्या चित्रसंग्रहाचं कॅलेंडर आणलंय. एका पानावर फुलाचं रोप आणि शेजारी फारसीच्या चार तिरक्या ओळी. त्यात फुलाविषयी काय लिहिलंय? शेजारचे चाचा उर्दू पेपर रोज वाचतात, पण त्यांनाही लागेना. ओळी तिरक्या का? धाकटीला तसं लिहायला शिकायचंय. – एक वाचक, रावेर

उत्तर : ताई, त्या ओळींत फुलाचं नावही नसेल, अशी तयारी ठेवा. अशा संग्रहाला मुरक्का म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ ठिगळं जोडलेला. फकिराच्या ठिगळांच्या झग्यालाही हाच शब्द. आपली गोधडीच म्हणा ना! चित्र एकाचं, अक्षर दुसऱ्याचं, हाशियावरची, म्हणजे कडेच्या समासातली, सोनेरी वेलबुट्टी तिसऱ्याची. सगळं जाड पुठ्ठ्यासारख्या वसलीवर खळीने डकवायचं. दाराच्या मुरक्क्यात चित्रासमोर चित्र येतं आणि अक्षरांसमोर अक्षरं. फूल आणि ओळी शेजारी आणल्या त्या तुमच्या कॅलेंडरवाल्याने.

हा मुरक्का दाराने बेगम नादिरा बानूला दिला होता. तिचे वडील शहजादा परवेझ 1626 साली वारले ते तुमच्या शेजारच्या बुऱ्हाणपुरात. कॅलेंडर लंडनचं असलं तरी सोयरीक आपल्याच भागातली!

मोगल दरबारात अक्षराचा मान चित्रापेक्षा मोठा होता, हे आम्हा ड्रॉइंग मास्तरांना जरा झोंबतं. मीर अलीचंच बघा. तो हेरातचा कातिब, म्हणजे सुंदर अक्षरात लिहून देणारा. उझबेकांनी त्याला बुखाऱ्याला नेलं. हस्ताक्षराची कलाच आपल्या पायातली बेडी झाली, अशी तक्रार त्याने पद्यात लिहून ठेवली आहे. तो हिंदुस्थानात कधी आला नाही, पण त्याच्या हातचे कागद आले. जहांगीरने ते हौसेने जमवले आणि भोवती हाशिये रंगवून घेतले. चौकटीत जागा उरली की दुसऱ्या पोथीतल्या बारीक ओळी कापून तिथे भरायचे. त्यांचा मधल्या मजकुराशी संबंध असेलच असं नाही.

चार तिरक्या ओळींच्या या मांडणीला चलिपा म्हणतात. बहुधा एखादी रुबाई, म्हणजे चार चरणांची कविता, असते. नस्तालिक या फारसी लिहिण्याच्या वळणात शब्द उजवीकडे उंचावर सुरू होतो आणि डावीकडे खाली घरंगळतो. चलिपात ओळ उलट उजवीकडून डावीकडे वर चढते. शब्द उतरतोय, ओळ चढतेय. माझ्या डोळ्याला सगळी गंमत त्या ओढाताणीत दिसते. डावीकडे खालच्या कोपऱ्यात त्रिकोण उरतो, तिथे भिंगातून बघा. सही असली तर तिथेच सापडेल, आणि नावाआधी नम्रपणे 'फकीर' किंवा 'गुनहगार' असं काहीतरी. चाचांचं काही चुकलं नाही. भाषा फारसी, शब्द एकमेकांच्या खांद्यावर चढलेले, आणि नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, शोभेल तिथे दिलेले. मलाही एकेक ओळ लावायला संध्याकाळ जाते.

आता धाकटीचं. मी हे जळगावात एका छापखान्यातल्या म्हाताऱ्या कातिबाकडून शिकलो, शाळा सुटल्यावर. पहिला महिनाभर त्यांनी मला अलिफ, म्हणजे पहिलं अक्षरसुद्धा काढू दिलं नाही. नुसता बोरू तासायचा. टोक तिरकं कापायचं, त्याला ते 'कत' म्हणत. कत बिघडला की बोरू हातातून काढून घेत आणि 'हाई काय शे?' म्हणत. घरी उर्दू बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी आपली अहिराणी ऐकून मला हसू यायचं, मग आणखी बोलणी खायची. पुढे नुक्ते. बोरू टेकवून ओढला की चौकोनी ठिपका उमटतो. हीच मोजपट्टी. नस्तालिकचा अलिफ तीन नुक्ते उंच. बोरू जाड तर ठिपका मोठा, म्हणून अलिफही मोठा. फूटपट्टीचं काम नाही.

शाई काजळी आणि बाभळीच्या डिंकाची. कागद घोटीव हवा, नाहीतर बोरू अडतो. आमच्या एरंडोलला एके काळी देशी कागद व्हायचा, पण तो जाडाभरडा. असा कागद मिळाला तर खळ लावून वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने चकाकेपर्यंत घोटायचा. बोरू मिळाला नाही तर बांबूची कामटी चालेल, बॉलपेन नको. पहिल्या पंधरवड्याची पानं मला पाठवा. नुसते ठिपके. अलिफ दिसला तर पान परत येईल.